हाताचा कंप : त्याचीं कारणें व संशोधन

मसुलाच्या दप्तरांत ३२ वर्षें कारकुनी करितांना शेतकऱ्यांच्या हजारों सह्या माझ्या नजरेखालून गेल्या. त्यांपैकीं कांहीं सह्या वर्षागणिक अधिकाधिक नागमोडी होत जात. शेवटीं तो गृहस्थ अंगठा पुढें करी. "रात्रीची उतरली नाहीं वाटतें," असें कोणी तरी म्हणे व आम्ही हंसत असूं. सेवानिवृत्तीच्या सुमारास तोच कंप माझ्या उजव्या हातांत शिरला, तेव्हां त्या हंसण्याची लाज वाटली. दारूच्या थेंबास मी कधीं शिवलों नाहीं. तरी पीककर्जाच्या कागदावरील सही जुन्या सहीशीं जुळेना, म्हणून मला दोन वेळां परत यावें लागलें. ह्या रोगाविषयीं डॉक्टरांकडून व वाचनांतून जें कळलें, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहें.

कंपवात ह्या एकाच नांवानें लोक दोन निराळे रोग ओळखतात. पार्किन्सनच्या रोगांत हात मांडीवर स्वस्थ असतांना कांपतो, हालचाल मंदावते, अंग ताठरतें व अक्षर बारीक होत जातें. दुसरा, म्हणजे 'इसेन्शियल ट्रेमर', ह्यांत हात कामांत असतांना कांपतो : पेला उचलतांना, सुईंत दोरा ओवतांना, सही करितांना. मांडीवर ठेवला कीं तो बहुधा शांत होतो. अक्षर मोठें व वेडेंवांकडें उमटतें. कित्येकांची मान व आवाजही कांपतो.

ह्या रोगाची एक मोठी पाहणी आपल्या मुंबईंतच झाली. पारशी वसाहतींतील सुमारें १४,००० लोकांची डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घरोघर जाऊन चौकशी केली. तिचे निष्कर्ष १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. वयाबरोबर ह्या कंपाचें प्रमाण वाढतें, असें तींत आढळलें.

कारणांच्या शोधांत तीन धागे हातीं लागले आहेत. पहिला अनुवंशाचा. सुमारें निम्म्या रोग्यांच्या घराण्यांत हा कंप पूर्वीं असतो. २००९ सालीं आइसलंडांतील संशोधकांनीं 'लिंगो-१' नामक जनुकाशीं त्याचा संबंध दाखविला. पण पुढील सर्व पाहण्यांत तो सारखा आढळला नाहीं. दुसरा धागा लहान मेंदूचा. हालचालींचा तोल तेथें सांभाळला जातो. अमेरिकेंत डॉ. एलन लुइस यांनीं मृत रोग्यांचे मेंदू तपासले, तेव्हां तेथील पुर्किंजे नांवाच्या पेशींच्या तंतूंवर फुगवटे दिसले व त्या पेशीही घटलेल्या आढळल्या. ही घट मात्र सर्वच शास्त्रज्ञांस मान्य नाहीं. तिसरा धागा आहाराचा. फार भाजलेल्या मांसांत होणारें 'हार्मेन' हें द्रव्य रोग्यांच्या रक्तांत अधिक आढळलें; परंतु तें रोगाचें कारण कीं परिणाम, हें ठरलेलें नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत कपाशी व सोयाबीनवर फवारणी चालते, म्हणून एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. फवारणीनंतर अकस्मात् कंप सुटला, घाम व लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर तो हा रोग नव्हे. ती विषबाधा होय. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें कित्येक माणसें दगावलीं. अशा वेळीं कपडे उतरवून अंग धुवावें, व औषधाच्या डब्यासह रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. थायरॉईड ग्रंथीचा विकार व दम्याचीं कांहीं औषधें यांमुळेंही हात कांपतो.

ह्या कंपावर प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन हीं औषधें डॉक्टर देतात. दमेकऱ्यास पहिलें वर्ज्य आहे. रोग समूळ जात नाहीं, पण पुष्कळांचा हात बराच स्थिरावतो. फारच जोर असल्यास मेंदूंत बारीक विद्युत्तार बसवितात. ती रीत १९८७ सालीं फ्रान्समध्यें डॉ. बेनाबिद यांनीं सुरू केली. दारूनें हा कंप घटकाभर खरोखरच थांबतो, मागाहून अधिक जोरानें येतो. म्हणून कोणी कंपामुळें दारूस लागतो, आणि लोक मात्र दारूमुळें कंप झाला असें म्हणतात.

पेला अर्धाच भरावा, चहा कमी करावा, बँकेंत सहीचा नवा नमुना वेळींच द्यावा. अंगठा देण्यांतही कमीपणा नाहीं. आणि शेजाऱ्याचा हात कांपतांना दिसला, तर हंसण्यापूर्वीं त्यास डॉक्टरांकडे घेऊन जावें. मीं तें केलें नाहीं.