उष्माघाताच्या दारातून परतलेला गोल्फपटू

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवेगार मैदान, पांढरी टोपी घातलेले साहेब लोक आणि त्यांच्यामागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या येतो. हा काही घाम गाळण्याचा खेळ नव्हे, असाच आपला समज. प्रत्यक्षात व्यावसायिक खेळाडूला अठरा होलांची, म्हणजे चेंडू घालण्याच्या अठरा खळग्यांची, एक फेरी पुरी करताना सात-आठ किलोमीटर तरी चालावे लागते, तेही उघड्या माळावर चार-साडेचार तास. 1964 सालापर्यंत अमेरिकेच्या यू. एस. ओपन स्पर्धेत तर शेवटच्या दिवशी अशा दोन फेऱ्या लागोपाठ खेळाव्या लागत. त्या वर्षीच्या त्या दिवशी केन व्हेंचुरी या खेळाडूचे जे झाले, ते उन्हाळ्यात आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत असावे असे आहे.

व्हेंचुरीचा जन्म 1931 सालचा, सॅन फ्रान्सिस्को शहरातला. 1956 साली हौशी खेळाडू म्हणून तो मास्टर्स या मानाच्या स्पर्धेत उतरला आणि शेवटच्या दिवसापर्यंत चार फटक्यांनी पुढे होता. गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. शेवटच्या फेरीत त्याला 80 फटके लागले आणि विजेतेपद एका फटक्याने हुकले. पुढे तो व्यावसायिक झाला, स्पर्धा जिंकू लागला. 1961 नंतर मात्र त्याचा खेळ असा काही ढासळला की 1964 च्या यू. एस. ओपनमध्ये प्रवेश मिळविण्यासाठी त्याला पात्रता फेऱ्या खेळाव्या लागल्या.

स्पर्धा वॉशिंग्टन शहराजवळच्या काँग्रेशनल क्लबच्या मैदानावर होती. 20 जून 1964, शनिवार. पारा 38 अंश सेल्सिअसच्या घरात आणि हवेत कमालीचा दमटपणा. आघाडीवर असलेल्या टॉमी जेकब्जपेक्षा व्हेंचुरी सहा फटक्यांनी मागे होता. सकाळच्या फेरीचे पहिले नऊ होल त्याने अवघ्या 30 फटक्यांत पुरे केले. पण सतरा आणि अठरा क्रमांकाच्या होलांवर, एरवी डोळे मिटून घालावा इतक्या जवळून त्याने चेंडू चुकविला. हात थरथरत होते. तरीही फेरी 66 फटक्यांत संपली आणि तो केवळ दोन फटक्यांनी मागे राहिला.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो कपडे बदलण्याच्या खोलीत आडवा पडून होता. क्लबचे सदस्य असलेले डॉक्टर जॉन एव्हरेट यांनी त्याला तपासले आणि आता खेळू नये, जिवावर बेतेल, असे स्पष्ट बजावले. व्हेंचुरी ऐकेना. तेव्हा डॉक्टरांनी त्याला चहा आणि मिठाच्या गोळ्या दिल्या आणि दुपारच्या फेरीत ओले टॉवेल, बर्फ घेऊन ते स्वतः त्याच्याबरोबर मैदानात चालले. व्हेंचुरी पाय ओढत, सावकाश चालत राहिला. दुपारी त्याला 70 फटके लागले, जेकब्जला 76. चार फटक्यांनी तो जिंकला. शेवटच्या खळग्यातून त्याचा चेंडू काढून देणाऱ्या एकवीस वर्षांच्या रेमंड फ्लॉइडच्या डोळ्यांत पाणी होते. त्यानंतर आपल्या फटक्यांच्या नोंदीच्या कागदावर सही करायची वेळ आली, तेव्हा कागदावरचे आकडे व्हेंचुरीला उमगेनात.

क्रीडालेखकांनी या दिवसाची गणना जिद्दीच्या थोर कथांमध्ये केली आहे. वैद्यकीय नजरेने पाहणाऱ्याला मात्र त्या कागदाचीच धास्ती वाटते.

उन्हाचा त्रास पायरीपायरीने वाढतो. आधी पायांत, पोटात गोळे येतात. मग येतो उष्णतेचा थकवा: भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातापायांतले त्राण जाणे. इथपर्यंत माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. सावलीत झोपवून, कपडे सैल करून, घोट घोट पाणी दिले की बहुधा तासाभरात सावरतो. पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअस, म्हणजे 104 अंश फॅरनहाइटच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, ओळखीच्या गोष्टी त्याला उमगत नाहीत, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. मूत्रपिंड, यकृत, हृदय सगळेच धोक्यात येते. व्हेंचुरी या दोन पायऱ्यांच्या उंबरठ्यावर उभा होता, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे. घाम येतोय ना, मग ऊन लागलेले नाही, असे लोक म्हणतात. घरात पडून राहणाऱ्या वृद्धांना उष्माघात होतो तेव्हा कातडी बहुधा कोरडी, तापलेली असते, हे खरे. पण राबत्या माणसाला, खेळाडूला, परेडमधल्या जवानाला उष्माघात होतो तेव्हा तो घामाने निथळत असू शकतो. म्हणून घामाकडे पाहू नये, बोलण्याकडे लक्ष द्यावे. नाव, गाव, आजचा वार विचारावा. उत्तर भलतेच आले तर वेळ दवडू नये.

दुसरा गैरसमज पाऱ्याचा. विदर्भात 45 अंश सोसणाऱ्यांना 38 म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण शरीर थंड होते ते घाम वाळल्याने, घाम आल्याने नव्हे. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी 14 जण उन्हाने दगावले, त्या दिवशीही तिथला पारा 38 च्या आसपासच होता.

उष्माघाताची शंका आली की 108 क्रमांकाला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नये. रोग्याला सावलीत घेऊन अंगावरचे जादा कपडे काढावेत, सर्वांगावर गार पाणी ओतावे किंवा ओली चादर टाकावी आणि जोराने वारा घालावा. बर्फ असेल तर फडक्यात बांधून मान, काखा व जांघा यांत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप रोगजंतूंचा नसतो, त्यामुळे ती गोळी इथे काम करीत नाही, उलट यकृतावर भार पडतो.

डॉ. एव्हरेट यांनी दिलेल्या मिठाच्या गोळ्या त्या काळी सर्रास देत. आज आपण त्या देत नाही. कोरडे मीठ पोटात गेले की मळमळ, उलटी होते आणि पाणी रक्तात जाण्याऐवजी आतड्यात ओढले जाते. त्यापेक्षा जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घ्यावे. ते नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे ही तर आपली घरचीच औषधे. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी बारा वाजता शेतात जाऊ नये. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मानसिक आजारावरील काही औषधे घेणाऱ्यांनी आणि मद्य घेणाऱ्यांनी विशेष जपावे. उन्हातल्या कामाची शरीराला सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. उन्हाळ्यात नव्याने कामावर आलेला मजूर पहिल्या आठवड्यातच कोसळतो तो यामुळेच.

1965 पासून यू. एस. ओपनच्या चार फेऱ्या चार स्वतंत्र दिवशी होऊ लागल्या. त्यामागे दूरचित्रवाणीची सोयही होती, पण व्हेंचुरीची अवस्था साऱ्यांनी पाहिली होती. व्हेंचुरीला शेजारी चालणारा डॉक्टर आणि बर्फ मिळाला. आपल्याकडच्या कापणीच्या बाईला, वीटभट्टीवरच्या गड्याला किंवा डांबराच्या रस्त्यावरच्या कामगाराला तो कोण देणार? त्यांच्या कामाची वेळ बदलणे मुकादमाच्या हाती असते.

विजयाचा आनंद त्याला फार दिवस लाभला नाही. काही महिन्यांतच हातांची बोटे बधिर होऊ लागली, काठी धरता येईना. निदान झाले मनगटातील नस दबल्याचे, ज्याला डॉक्टर कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटांचे स्नायुबंध आणि एक मुख्य नस जाते. तिथे सूज आली की नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात, करंगळी सहसा सुटते. त्रास रात्री वाढतो, झोपेतून उठून हात झटकले की बरे वाटते. आपल्याकडे हा त्रास मध्यमवयीन स्त्रियांमध्ये बराच दिसतो. गरोदरपण, मधुमेह, थायरॉइडची कमतरता यांतही होतो. आरंभी रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून भागते. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये. नस फार काळ चेपलेली राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

व्हेंचुरीवर 1965 साली मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली. 1966 साली आपल्या गावच्या, हार्डिंग पार्कच्या मैदानावर त्याने एक स्पर्धा जिंकली, ती शेवटचीच. हात पूर्वीसारखे झाले नाहीत.

पुढे त्याने जे काम पत्करले ते ऐकून त्याच्या शाळेतल्या शिक्षकांना नवल वाटले असते. सीबीएस वाहिनीवर 1968 पासून 2002 पर्यंत, तब्बल पस्तीस हंगाम, त्याने गोल्फचे समालोचन केले. आणि लहानपणी तो इतका अडखळत बोलत असे की शिक्षकांनी त्याच्या आईजवळ आशा सोडून दिली होती. बोलावे लागू नये म्हणून त्याने एकट्याने खेळायचा गोल्फ धरला. मैदानावर कोणी नसताना चेंडू मारता मारता तो स्वतःशीच मोठ्याने बोले. 2013 च्या मे महिन्यात जागतिक गोल्फच्या सन्मान-दालनात त्याचा समावेश झाला. तो रुग्णालयात असल्याने मुलांनी सन्मान स्वीकारला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 17 मे रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले.

अडखळत बोलणे हा जिभेचा दोष नव्हे, बुद्धीचा तर नव्हेच. शंभरातील साधारण पाच मुले दोन ते पाच वर्षांच्या वयात काही काळ अडखळतात आणि त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात. मुलग्यांत प्रमाण जास्त. सहा महिने ते वर्षभर अडखळणे कमी झाले नाही, बोलताना मूल डोळे मिचकावू लागले, मान झटकू लागले किंवा बोलायचेच टाळू लागले, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे. अनेक जिल्हा रुग्णालयांतील बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ते असतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही ही सोय आहे. जिभेखालची शीर कापून घेणे किंवा तोंडात गोटी ठेवून बोलायला लावणे यांनी काही साधत नाही, आणि गोटी घशात अडकण्याची भीती निराळीच. घरच्यांनी त्याचे वाक्य मध्येच पुरे करू नये, ‘हळू बोल, नीट बोल’ असे टोकू नये आणि पाहुण्यांपुढे कविता म्हणायला उभे करू नये. त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत ऐकावे, वेळ लागला तरी.