बटण हलवण्याआधी

इलेक्ट्रिकलला अॅडमिशन घेतल्यापासून सुट्टीत घरी गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं. "अरे, तू इंजिनिअर होणार ना? मग ते कपाटामागे गेलेलं बटण जरा इकडे सरकवून दे!" काम दिसतं एवढंसं. पण फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये जिना वायरिंग करून जर्नलवर सही घेतलेल्यांनाही घरातला बोर्ड उघडल्यावर त्यातली कुठली वायर काय करते, हे चटकन सांगता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

घरात येणारी वीज म्हणजे २३० व्होल्टची एक फेज आणि तिच्या परतीची वाट, न्यूट्रल. दिव्याच्या बटणाचं काम एकच, ते म्हणजे फेज तोडणं. फेज बटणाच्या एका स्क्रूवर येते आणि दुसऱ्या स्क्रूवरून निघालेली वायर दिव्याकडे जाते. न्यूट्रल बटणाला शिवत नाही, ती थेट होल्डरला जाते. म्हणजे दिवा बंद असला तरी बटणाचा पहिला स्क्रू जिवंतच असतो! आणि कुणी चुकून बटण न्यूट्रलवर बसवलं असेल तर? दिवा तरीही नीट चालू-बंद होतो, कुणाला शंकाही येत नाही. पण बटण बंद करून स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याच्या हाताशी होल्डरमध्ये फेज असते. म्हणून 'दिवा लागला, म्हणजे वायरिंग बरोबर' हे गणित चुकीचं आहे.

आता बोर्ड उघडू या. पण त्याआधी त्या सर्किटची एमसीबी किंवा मेन स्विच बंद करायचा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं आउटपुटही. हे फार महत्त्वाचं! आपण मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीत दिव्यांच्या लाईनला पुन्हा वीज देऊ लागतो. त्यानंतर टेस्टर. तो आधी चालू प्लगमध्ये लावून पेटतो का बघायचा, मग बोर्डातल्या प्रत्येक स्क्रूवर लावायचा, आणि शेवटी पुन्हा चालू प्लगमध्ये. बिघडलेला टेस्टर कुठेच पेटत नाही, त्यामुळे नुसतं 'पेटला नाही' यावर विसंबू नये.

आत बघितलं तर बहुतेक वेळा एकच फेज एका बटणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी फिरवलेली दिसते. याला लूपिंग म्हणतात. आपलं बटण या साखळीच्या मधे असेल आणि ते वायरींसकट काढलं, तर पुढचा पंखा आणि प्लगही बंद पडतात. म्हणून साखळी जुन्या बोर्डातच अखंड ठेवायची. नव्या जागी फक्त दोन वायरी न्यायच्या: साखळीतून घेतलेली एक फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर. नव्या बोर्डात प्लगही हवा असेल तर मात्र न्यूट्रल आणि अर्थिंगही न्यावं लागतं.

रंगावर भरवसा ठेवू नका. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नियम खरा, पण हाताशी जी वायर उरली ती दिव्याला ओढलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. काळी वायर बटणाच्या स्क्रूवर असेल तर ती न्यूट्रल समजू नका. बटण चालू केलं की तिच्यातही फेज येते. वायर काढण्याआधी प्रत्येकीला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहायचं आणि मोबाईलवर फोटो काढायचा. बटणाला तीन स्क्रू असतील तर ते जिन्यासारखं टू-वे असू शकतं. तिथे कॉमन स्क्रूवर कुठली वायर होती ते आधी टिपून ठेवा, नाहीतर जोडणी जुळवताना संध्याकाळ होईल.

वायर कमी पडली तर जोड लागतोच. पण तो प्लास्टरखाली किंवा पाइपच्या आत कधीही नको. सैल जोड गरम होतो आणि तिथे तो कुणाला दिसतही नाही. जुन्या बोर्डातच कनेक्टर लावून वरून कोरी प्लेट बसवावी, म्हणजे पुढे कधीही उघडून बघता येतं. जुन्या घरात अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नये. असा जोड काळाने सैल होतो.

एवढं वाचून स्क्रूड्रायव्हर घेऊन धावू नका हं! खराब बटण त्याच जागी बदलणं वेगळं आणि वायरिंगमध्ये फेरफार करणं वेगळं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनीही हा फरक केला होता, आणि फेरफाराचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडेच दिलं होतं. मी स्वतः घरी वायरमनकाकांनाच बोलावतो, पण शेजारी उभा राहून "काका, लूप कुठून घेतला? जोड कुठे दिला?" एवढं नक्की विचारतो. हॉस्टेलवर तर रूममधल्या बोर्डाला हातच लावू नका, वॉर्डन सरांच्या कानावर घाला. आपला अभ्यास इथे उपयोगी पडतो तो योग्य प्रश्न विचारण्यासाठी. आणि खरं सांगू? वायरमनकाकांनाही असा प्रश्न विचारणारा पोरगा आवडतो.