थेंबभर तेल आणि छऱ्याची बंदूक

रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ एक सूचना हमखास असते: तेल किंवा ग्रीस लावू नये. नवीन लागलेला वॉर्डबॉय कधीतरी विचारतोच, की चावी घट्ट झाली आहे, जरा तेल सोडले तर काय बिघडले? बिघडते ते असे. चावी उघडताच दाबाखालचा वायू चिंचोळ्या जागेत धडकतो, दाबला गेल्यामुळे क्षणात तापतो आणि तिथे तेलाचा अंश असेल तर तो पेटतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. हीच गोष्ट, खूप लहान प्रमाणावर, घरातल्या छऱ्याच्या बंदुकीत घडू शकते.

आरोग्याच्या सदरात बंदूक कशाला, असे काही वाचकांना वाटेल. २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोच्या जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक जिंकले. आपल्या शेजारी पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्यामुळे ‘मुलाला एअर रायफल घेऊन देऊ का?’ असे पालक मलाही विचारतात. पण स्पर्धेतल्या आजच्या रायफली आधीच भरलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालतात. घरी माळ्यावर सापडते ती वेगळी, आजोबांनी कधीकाळी घेतलेली, स्प्रिंगची. वाशीच्या खाडीवरच्या दमट हवेत चार-पाच पावसाळे काढले की ती गंजते, तिची ताकद जाते आणि घरातला कुणी हौशी माणूस व्हिडिओ बघून ती उघडायला बसतो. डॉक्टरचा संबंध इथून सुरू होतो.

या बंदुकीची नळी खाली वाकवली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग त्याला पुढे फेकते. दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि बारीक छिद्रातून छऱ्यामागे घुसते. म्हणजे बंदुकीत हवा साठवलेली नसते. प्रत्येक बाराला ती त्याच क्षणी, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, दाबली जाते. दट्ट्याच्या तोंडाशी बसवलेले सील ही हवा बाजूने निसटू देत नाही. जुन्या बंदुकांत हे सील चामड्याचे असते, नव्यांत कृत्रिम. ज्यांच्या घरी पंपाचा स्टो होता त्यांना चामड्याचा वायसर समजावून सांगायला नको. तो सुकला की पंप नुसताच वर-खाली व्हायचा, हवा भरायचीच नाही. मग आई तो काढून तेलाचे बोट फिरवायची, कडा जरा फाकवायची आणि काम सुरू. आमच्या सिरिंजमधला रबराचा दट्ट्याही सिलिकॉन तेलाच्या अगदी पातळ थरावरच सरकतो.

स्टोची ही सवय बंदुकीला मात्र तशीच्या तशी लावता येत नाही. छरा खाली पडू लागला, जोर कमी वाटला की लोक पुढच्या छिद्रातून शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल सोडतात. पुढच्या बाराला मोठा आवाज होतो, धूर येतो, जळका वास सुटतो आणि माणूस खूश होतो, की बंदूक सुधारली! ती सुधारलेली नसते. दाबलेली हवा त्या क्षणी काही शे अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि डिझेल इंजिनात व्हावे तसे ते तेल पेटते. ब्रिटनमधल्या कार्ड्यू पितापुत्रांनी स्प्रिंगची रायफल नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली होती. नायट्रोजनमध्ये काही जळू शकत नाही. छऱ्याचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. म्हणजे चांगल्या स्थितीतल्या बंदुकीतही वंगणाचा सूक्ष्म अंश थोडाबहुत जळतच असतो. तेवढे चालते. थेंबच्या थेंब जळू लागले की सील करपते, स्प्रिंग तुटते आणि छरा किती वेगाने जाईल याचा भरवसा राहत नाही. माझ्या दृष्टीने खरा धोका हा शेवटचा.

सील बदलण्याआधी एक तपासणी सोपी आहे. नळी जिथे वाकते, तिथल्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी धरून, छरा घालून, सुरक्षित लक्ष्यावर बार करावा. पट्टी जोरात उडाली तर हवा बहुधा त्या सांध्याच्या छोट्या सीलमधून जाते आहे आणि दट्ट्यापर्यंत जाण्याची गरजच नाही. छरा न घालता बार मात्र कधीच करू नये. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो.

वंगणाचा नियम थोडक्यात असा, की दट्ट्याच्या पुढे जवळजवळ काहीच नको. कृत्रिम सीलच्या बाजूंना मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पेस्टचा बोटाने पुसल्यासारखा थर द्यावा, त्याचे तोंड कोरडे ठेवावे. चामड्याचा वायसर कोरडा चालत नाही, म्हणून तो बसवण्याआधी तेलात मुरवावा आणि वरचे तेल नीट पुसून काढावे. सिलिकॉन तेल सहजी पेटत नाही, म्हणून सीलला ते चालते, पण लोखंडावर लोखंड घासते तिथे ते कुचकामी. स्प्रिंगला ग्रीस हवे, तेही माफक. नवे सील आत सरकवताना सिलिंडरच्या खाचेची धारदार कड त्याला कापते. ती आधी बारीक पॉलिश पेपरने मोडावी. सुरुवातीचे काही बार किंचित धूर येतो, मग थांबतो. मोठे आवाज थांबले नाहीत तर बंदूक बाजूला ठेवून पुन्हा उघडावी. जुने ग्रीस काढायला बंद खोलीत पेट्रोल वापरणाऱ्यांना काय म्हणावे!

स्प्रिंग मात्र तज्ज्ञाकडूनच काढून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बंदूक चढवलेली नसतानाही ती आत दाबूनच बसवलेली असते. मागची खीळ काढताच ती सुटते आणि काढणारा माणूस नेमका वाकून बघत असतो. ती धरून ठेवणारा शिकंजा नसेल तर स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नये. दुसरी इजा बोटांची. नळी वाकवून छरा घालताना चाप निसटला तर नळी सापळ्यासारखी मिटते आणि बोटाचे टोक जाऊ शकते. छरा घालताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरलेलीच हवी. सीलसोबत ‘जरा कडक’ स्प्रिंग टाकून घेणाऱ्यांना शस्त्र नियम २०१६ माहीत नसतात. तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल तर परवाना लागतो.

छरे शिशाचे असतात. ते ओठांत धरण्याची सवय मी अनेकांत पाहिली आहे. हात राखाडी होतात आणि त्याच हाताने वडापाव खाल्ला जातो. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही नाहीच. साबणाने हात धुवावेत आणि ज्या टेबलावर जेवतो त्यावर बंदूक उघडू नये.

आणि डोळा. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला दोनशे मीटर वेगाने गेला तर त्यात साधारण १० ज्यूल ऊर्जा असते. डोळा फुटायला इतकी लागतही नाही. कठीण भिंतीवरून उलटून आलेला छराही पुरतो. बाहेर दिसणारी जखम टाचणीच्या डोक्याएवढी असेल, पण आत छरा खोबणीच्या तळापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी डोळा धुवू नये, दाबू नये, काही टोचलेले दिसले तरी काढू नये. वरून कागदी कप उलटा ठेवून, त्याच्या कडा हाडावर टेकतील अशा चिकटपट्टीने बसवावा आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे. खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. छऱ्यांचा डबा सोबत आणावा. छरा शिशाचा की लोखंडाचा, हे कळल्याशिवाय एमआरआय करता येत नाही.