स्वयंपाकघराचा सल्ला कोणाला विचारावा?

स्वयंपाकघर नव्याने करावयाचे आहे, एवढे नुसते बोलून दाखवावे, की सल्ला देणाऱ्यांना तोटा राहत नाही. आमचेही तसेच झाले. पुण्याच्या मेहुण्यांनी आपल्या घरच्या ओट्याची छायाचित्रे धाडली. शेजारच्या बेननी त्यांचा सुतार सुचविला. कंत्राटदार तर गुळगुळीत पानांचे पुस्तकच घेऊन आला. त्यातल्या पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरांत तेलाचा डाग, पोळपाट किंवा माणूस यांपैकी काहीही दिसत नव्हते, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले नाही. आम्ही सर्वांचे ऐकून घेतले. मागल्या खिडकीपाशी मेथी निवडत बसलेल्या आईला मात्र काहीच विचारले नाही. पंचावन्न वर्षे जिने त्या खोलीत रांधले, तिला विचारावे हे आम्हां उभयतांपैकी एकालाही सुचू नये, याची आज लाज वाटते. वाचकांच्या घरी तरी असे होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर बडोद्याच्या दांडिया बाजारातले, आजोबा संस्थानच्या नोकरीत असताना बांधलेले. स्वयंपाकघर लांबट आणि काळोखे. कडाप्प्याचा ठेंगणा ओटा, कोपऱ्यात मोरी, भिंतीत फडताळ आणि त्याशेजारी पितळी डब्यांची मांडणी. भिंतींना ओल आली होती, फडताळाला वाळवी लागली होती; दुरुस्ती अटळच होती. दोन महिन्यांनी खोलीचा कायापालट झाला. पस्तीस इंच उंचीचा ओटा आला, छतापर्यंत कपाटे आली, मागली खिडकी बुजवून तेथे फ्रीज उभा राहिला. मांडणी माळ्यावर गेली. येणारेजाणारे वाखाणू लागले. आईही म्हणाली, “छान झालंय.”

पुढे गणेशचतुर्थी आली. पाहतो तो आई दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून, पाटावर बसून मोदकांची उकड मळते आहे. “अगं, आत का नाही बसलीस?” असे विचारताच ती शांतपणे म्हणाली, “आत बसू कुठे? उभं राहावं तर हात अवघडतात. तुमचं चांगलंच झालंय रे, माझ्या मापाचं नाही एवढंच.”

त्या दिवशी आमच्या लक्षात आले, की नवे स्वयंपाकघर झाल्यापासून आईने स्वतःचा चहादेखील केलेला नव्हता. सूनबाई थर्मास भरून ठेवी, ती त्यातला घेई. ‘आता वय झाले, तिच्याने होत नाही,’ असे आम्ही आपसांत म्हणत होतो. वास्तविक तिच्याने सर्व होत होते, त्या ओट्यापाशी तेवढे होत नव्हते.

मोजमाप आधी, रंग मागून

चूक कळल्यावर आम्ही टेप घेऊन बसलो. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात दुमडावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. चिरणे, निवडणे यांसाठी ओटा कोपराच्या तीन ते पाच इंच खाली असावा. कणीक मळणे, पोळ्या लाटणे यांत खांद्यांचा जोर लावावा लागतो, म्हणून तेथे तो आणखी थोडा खाली असलेला बरा. शेगडी ओट्यावर ठेवली की चार इंच वाढतात, त्यावर पातेले चढले की आणखी वाढतात, हा हिशेब बहुतेकजण विसरतात.

सूनबाईंची उंची पाच फूट चार इंच, कोपर चाळीस इंचांवर; त्यांना पस्तीस इंचांचा ओटा नेमका बसला होता. आई चार फूट दहा इंच, तिचे कोपर छत्तीस इंचांवर. ओटा कोपरापासून जेमतेम एक इंच खाली! आमटी ढवळायची तर हात खांद्याच्या वर न्यावा लागे. आई तक्रार करीत नव्हती, पण टेपने सगळे सांगितले.

स्वयंपाकघराचे असे शास्त्र जगात फार पूर्वीपासून आहे. जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी घड्याळ लावून, पावले मोजून, कमीत कमी हालचालीत काम व्हावे असे आटोपशीर स्वयंपाकघर आखले आणि ते त्या शहरातील हजारो घरांत बसविले गेले. आजच्या तयार स्वयंपाकघरांचे मूळ तेथे सापडते. गंमत अशी, की आपण त्यापूर्वी कधी स्वयंपाक केला नव्हता, असे त्याच बाईंनी पुढे सांगितले. मोजमाप शिकता येते. तरी घरचा मोदक बसून वळला जातो, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. ते घरच्यांनाच विचारावे लागते.

आम्हां बडोदेकरांना तर ही सबबही नव्हती. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. घरकाम हा अभ्यासाचा विषय आहे, हे ज्या गावाने इतक्या लवकर मानले, त्या गावात राहून आम्ही कंत्राटदाराच्या पुस्तकावर विसंबलो.

दगड, लाकूड आणि वारा

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ओट्यासाठी संगमरवर दिसावयास देखणा, पण लिंबू, चिंच, आमसूल यांनी त्यावर डाग पडतात आणि चकाकी जाते. कडाप्पाही चुनखडीचाच दगड असल्याने आंबटाला फारसा दाद देत नाही असे नाही. आपल्या स्वयंपाकाला ग्रॅनाइट अधिक सोशीक. मोरीखालच्या कपाटाला भुसा दाबून केलेले तक्ते वापरू नयेत. पाणी लागताच ते फुगतात. तेथे पाण्यात टिकणारे, आय. एस. ७१० प्रतीचे प्लायवुड मागावे.

वाऱ्याचा विचार तर जिवाशी निगडित आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये, ठेवणे भागच पडले तर कपाटाला तळाशी जाळी हवी. सिलिंडर नेहमी उभाच असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळाने येणारा गॅस मात्र हलका, तो वर चढतो; त्यासाठी छताजवळ झरोका लागतो. फोडणीच्या धुरासाठी यंत्र बसवायचे झाल्यास नळीवाटे धूर बाहेर टाकणारे घ्यावे. बिननळीचे यंत्र वाफ आणि उष्णता खोलीतच फिरवीत राहते. आम्ही जी खिडकी बुजविली होती, ती नुसता उजेड देत नव्हती, हे यावरून ध्यानात यावे.

दुरुस्तीची दुरुस्ती

दिवाळीपूर्वी आम्ही पुन्हा गवंडी बोलाविला. या वेळी खुर्ची टाकून आईला मधोमध बसविले आणि तिने सांगावे, आम्ही लिहावे, असे ठरविले. तिच्या मागण्या चारच निघाल्या. मागली खिडकी उघडा. खिडकीखाली अडीच फूट लांबीचा, तीस इंच उंचीचा ओटा करा आणि एक शेगडी तिकडे द्या. त्याखाली कपाट नको, स्टूल सरकवून गुडघे आत घेता आले पाहिजेत. आणि रोजचे डबे डोळ्यांसमोर, हाताच्या उंचीवर ठेवा.

फ्रीज जेवणघरात गेला. खर्च दुबार झाला. तो आमच्या अविचाराचा दंड म्हणून आम्ही निमूटपणे भरला. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे आतून कपबशीचा आवाज आला. आईने आपला चहा केला होता आणि आम्हां दोघांसाठीही आधण ठेवले होते.

तेव्हा वाचकहो, घरात हे काम निघाले तर प्रथम आठ दिवस कोण कोठे उभे राहते, काय उचलते, कोठे वाकते, हे नुसते पाहावे. मग घरातील प्रत्येकाचे कोपर मोजावे. सर्वांत ठेंगण्या व्यक्तीचे आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीचे तर अगत्याने. बसून करावयाच्या कामांना जागा राखावी. कंत्राटदाराचे पुस्तक सर्वांत शेवटी उघडावे. आणि घरातील जे माणूस ‘मला काय, तुम्हाला आवडेल ते करा’ असे म्हणते, त्याला पुन्हा एकदा विचारावे.

आईची पाचवी मागणी परवा आली आहे. माळ्यावरची मांडणी खाली काढून, चिंचेने घासून पुन्हा भिंतीवर लावावयाची आहे. कंत्राटदार ती शोभणार नाही म्हणतो. आम्ही खिळे आणून ठेवले आहेत.