‘मास्क नाही, तर खेळणार नाही!’ आइस हॉकीचा गोलकीपर अडून बसला तेव्हा…

आइस हॉकीत चेंडू नसतो. असते ती कडक रबराची, सुमारे १६० ग्रॅम वजनाची चकती, म्हणजेच ‘पक’. १९५०च्या दशकात गोलकीपर ती उघड्या चेहऱ्याने अडवायचे. मास्क लावणारा घाबरट, असा समज होता.

नेमकं काय घडलं?
१ नोव्हेंबर १९५९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलकीपर जाक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके पडले. संघासोबत राखीव गोलकीपर नेण्याची तेव्हा पद्धत नव्हती. सरावात वापरतो तो फायबरग्लासचा मास्क लावू दिला तरच उतरेन, असं प्लांटने सुनावलं. मास्कला विरोध करणारे प्रशिक्षक टो ब्लेक यांचा नाइलाज झाला. मॉन्ट्रियलने सामना ३-१ असा जिंकला.

पुढे काय झालं?
मार्च १९६०मध्ये ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांट एकदा मास्कशिवाय खेळला. संघ ०-३ असा हरला. मास्क लगेच परत आला आणि त्याच मोसमात मॉन्ट्रियलने स्टॅनली कपही जिंकला.

तरीही सगळ्यांना पटायला वेळ लागला. एनएचएलमधला उघड्या चेहऱ्याचा शेवटचा गोलकीपर अँडी ब्राउन तिथे १९७४ पर्यंत खेळत होता.