खाणीतलं मीठ, घाटातला गोळा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. पुण्यात सपाटीवर अठरा किलोमीटर आरामात होतात, पण यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायला लागलं की पोटरीत गोळा येतो. केळी खाऊन झाली, मिठाच्या गोळ्या झाल्या, ओआरएसची पाकिटं झाली, मॅग्नेशियमही झालं. आता त्यांचा प्रश्न आहे: माझ्या शरीरात नेमकं कमी काय आहे?

बहुधा काहीच नाही. गोळा आला की शरीरात काहीतरी कमी पडलं असणार, हे आपल्या डोक्यात बसलं त्याला शंभर वर्षं झाली, आणि ते बसलं ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींमुळे. खोल, तापलेल्या खाणीत कामगार एकेका पाळीत कित्येक लिटर घाम गाळत, तहान लागली की घटाघटा पाणी पीत आणि मग हातपाय, पोट वळून कळवळत. के. एन. मॉस यांनी या कामगारांचा अभ्यास करून १९२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध छापला. त्याचा अर्थ लावला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यायला सुचवणारे ते हेच. (पुढे भारताचं नागरिकत्व घेणारे जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव. या घरात स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करायची परंपरा होती, पण तो विषय मी इथे काढला तर लेख तिकडेच जाईल.) हॉल्डेन यांचं म्हणणं असं, की घामातून मीठ गेलं, त्याची जागा नुसत्या पाण्याने भरून काढली, त्यामुळे रक्तातलं मीठ आणखी पातळ झालं. याला ते चक्क पाण्याची विषबाधा म्हणत. पाण्यात थोडं मीठ घाला, हा त्यांचा उपाय. तो लागू पडला. बोटींवर भट्टीत कोळसा ओढणाऱ्यांचं दुखणंही याच जातीचं होतं. १९३२ च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे शास्त्रज्ञ हूवर धरणाच्या बांधकामावर गेले, तिथल्या मजुरांमध्येही हेच दिसलं.

इथवर सगळं चोख आहे. गफलत पुढे झाली. खाणकामगाराचं निदान धावपटूला जसंच्या तसं लावलं गेलं, आणि लावताना त्यातला अर्धा भाग गळाला. मीठ कमी पडतं एवढं लक्षात राहिलं. हॉल्डेन यांचा खरा रोख पाण्याच्या अतिरेकावर होता, तो विसरला गेला. उलट ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला त्याच गोष्टीला चिकटवण्यात आला. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉल संघासाठी गेटोरेड तयार झालं. त्यानंतर अशा पेयांचा जो बाजार उभा राहिला, त्याला ही अर्धी गोष्टच सोयीची होती.

खरं तर शंका यायला हवी होती. रक्त सगळ्या शरीरात फिरतं. त्यातलं मीठ कमी झालं असेल तर गोळा नेमका पोटरीतच का? मानेत, दंडात का नाही? आणि पाय ताणून धरला की तो मिनिटभरात जातो, तेवढ्यात मीठ कुठून आलं?

दक्षिण आफ्रिकेतले मार्टिन श्वेलनस यांनी हे प्रश्न मनावर घेतले. तिथे केपटाउनला टू ओशन्स ही ५६ किलोमीटरची शर्यत होते. गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त त्यांच्या गटाने तपासलं. पाणी किंवा क्षार यांत काही अर्थ काढावा असा फरक सापडला नाही. २०११ मध्ये आयर्नमॅन शर्यतीतल्या २१० जणांवरच्या अभ्यासात गोळे येणाऱ्यांच्या दोन खुणा निघाल्या: त्यांना पूर्वीही गोळे आले होते आणि ते इतरांपेक्षा जोरात धावले होते.

श्वेलनस यांची उपपत्ती १९९७ ची. त्यांच्या मते बिघाड स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशींपाशी, मेरुरज्जूत होतो. शर्यतीच्या बैलगाडीवरचा गाडीवान डोळ्यांपुढे आणा. एका हातात चाबूक, दुसऱ्या हातात कासरा. स्नायूच्या आत बारीक संवेदक असतात, ताण जाणवला की ते ‘आकुंचन पाव’ असा संदेश पाठवतात. हा चाबूक. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो त्या कंडरेत दुसरे संवेदक असतात. ओढ वाढली की ते ‘पुरे’ म्हणतात. हा कासरा. स्नायू दमला की चाबकाचा हात सुटतो आणि कासऱ्याचा हात ढिला पडतो. त्यात स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल तर कंडरेवर ओढच नसते, म्हणजे कासरा जवळजवळ हातातून गेलेलाच. मग बैल उधळणार नाहीत तर काय! पाय ताणल्यावर गोळा सुटतो तो यामुळेच: कंडरेवर ओढ आली की कासरा पुन्हा घट्ट होतो. हे कंडरेतले संवेदक शोधले कामिल्लो गॉल्गी यांनी, तेही एकोणिसाव्या शतकात. पाठ्यपुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत गॉल्गी संकुल म्हणून त्यांचं नाव सगळ्यांनी घोकलेलं असतं. पोटरी सोडवणारे गॉल्गी मात्र कुणाला माहीत नसतात.

म्हणून पत्रलेखकाला माझं उत्तर असं, की सराव सपाटीवर आणि शर्यत घाटात, इथेच घोडं पेंड खातंय. चढणीवर पोटऱ्या सपाटीपेक्षा कितीतरी जास्त राबतात. त्या दमलेल्या असतानाच उतार लागतो आणि वेग आपोआप वाढतो. आठवड्यातून एकदा तरी चढ-उतारावर धावा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करा. आणि चढणीवर पुढच्याला गाठायचा मोह आवरा.

घामातून फार मीठ जाणारे काही जण असतात, आणि सगळ्या अंगात गोळे येऊ लागले तर खाणीतलं निदान आजही खरं ठरू शकतं. तेव्हा डॉक्टरांकडेच जायला हवं. एका पोटरीची गोष्ट वेगळी. मॅग्नेशियमबद्दलच्या चाचण्यांचे एकत्रित आढावेही फारसे उत्साहवर्धक नाहीत.

तरी एक गंमत आहे. अमेरिकेत काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी गोळ्यावर पितात. केव्हिन मिलर यांनी २०१० मध्ये विजेचे झटके देऊन स्वयंसेवकांच्या पायाच्या अंगठ्यात गोळे आणले आणि त्यांना ते पाणी पाजलं. साध्या पाण्यापेक्षा गोळा लवकर सुटला, आणि तोही ते पाणी रक्तात उतरायच्या आत. रक्तातले क्षार होते तसेच होते. मिलर यांचा कयास असा, की व्हिनेगरच्या झणक्याने घशातल्या चेतातंतूंना हिसका बसतो आणि तिकडे मेरुरज्जूतला गोंधळ शमतो. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार ही वेगळी चीज आहे, तो पोळीबरोबरच खावा.

पाण्याबद्दल मात्र हॉल्डेन यांचं ऐकायला हवं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम धोकादायक नाही तरी नक्कीच कमी निघालं, आणि काहींचं तर जिवावर बेतेल इतकं. त्या वर्षी एक तरुण धावपटू याच कारणाने दगावलीही. धोका सर्वांत जास्त होता तो वाटेत इतकं पाणी प्यायलेल्यांना, की मॅरेथॉन धावून आल्यावर त्यांचं वजन वाढलं होतं.