दंडातली बेडकुळी

आमच्या लहानपणी ताकदीचा पुरावा एकच असे. सदऱ्याची बाही वर सारायची, कोपर दुमडायचं, मूठ आवळायची आणि म्हणायचं, "बघ, बेडकुळी!" कुणी बेटकुळी म्हणे. समोरचा तो गोळा चिमटीत दाबून निकाल द्यायचा. माझा निकाल बहुतेक वेळा "लिंबू" असा लागत असे.

या शब्दात बेडूक आहे हे उघडच दिसतं. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. कातडीखाली हलणारा छोटा उंदीर, म्हणून 'मस्क्युलस', आणि त्यावरून इंग्रजांचा 'मसल'. मला आपला बेडूक जास्त पटतो. स्नायूंविषयी माणसाला जे कळलं, त्यातलं बरंचसं बेडकानेच जीव देऊन शिकवलेलं आहे. 'स्नायू' या शब्दाची गंमत तर आणखी निराळी. सुश्रुताने शरीरात पाचशे 'पेशी' मोजल्या, आणि त्याच्या लेखी पेशी म्हणजे मांसाचे हे गोळे. 'स्नायू' त्याने नऊशे सांगितले, पण ते बांधणीचे चिवट दोर. मराठी पाठ्यपुस्तकांनी पेशी सूक्ष्मदर्शकाखालच्या कणाला देऊन टाकली आणि रिकाम्या जागेवर स्नायूला बसवलं. आज सुश्रुत दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला बसला तर या प्रश्नाचे गुण हमखास घालवेल.

अकरावीत आम्हाला बेडूक चिरावा लागे. मेणाचा ट्रे, चारी पाय टाचण्यांनी ताणलेले, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास. पोट उघडल्यावर सगळ्यात आधी नजर जायची ती हृदयाकडे, कारण ते चालूच असायचं. बेडूक केव्हाच गेलेला, आणि वाटाण्याएवढा तो लाल गोळा आपला आकसतोय, सैल होतोय. माझ्या शेजारच्या मुलाने ते पाहून चिमटा खाली ठेवला, तो तास संपेपर्यंत उचलला नाही.

त्या ट्रेमध्ये स्नायूंच्या तिन्ही जाती हजर होत्या. आम्हाला मात्र त्या तक्ता पाठ करून शिकवल्या. त्यापेक्षा भाकरीच्या एका घासामागे गेलं तर त्या लवकर कळतात. घास चावणारे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू हाडांना बांधलेले आणि आपल्या हुकमातले. सहाशेहून अधिक स्नायू या जातीचे आहेत आणि शरीराच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचाच. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे दिसतात, म्हणून त्यांना पट्टकी स्नायूही म्हणतात. जिभेने घास मागे लोटेपर्यंत आपली सत्ता. घसा ओलांडला की ती संपली. अन्ननलिकेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात स्नायू अजून पट्टेवालेच असतात, पण आपलं ऐकत नाहीत. मध्ये सरमिसळ होते. खालच्या भागात पट्टे नाहीतच. तिथून पुढे जठर, आतडी सगळीकडे दुसरी जात, गुळगुळीत स्नायूंची. यांच्या पेशी चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. कामाला सावकाश, पण थोडक्या खर्चात तासन्‌तास ताण धरून ठेवण्यात पटाईत. रक्तवाहिन्यांच्या भिंती, गर्भाशय, डोळ्याची बाहुली लहानमोठी करणारा पडदा, सगळीकडे हेच. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असाच एक इवलासा स्नायू केस उभा करत असतो.

तिसरी जात एकाच घरात राहते. हृदयाच्या स्नायूला पट्टे आहेत, पण तो हुकूम कुणाचाच मानत नाही. त्याच्या पेशींना फांद्या फुटलेल्या, आणि एकीचं टोक दुसरीला असं जोडलेलं की ठिणगी एका जागी पडली तरी सगळं घर एकदम आकसतं. ठिणगीही त्याची स्वतःची. म्हणून तर ट्रेमधला बेडूक गेल्यावरही ते चालू होतं. आपलं हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. झटक्यात त्यातला तुकडा मेला तर नवा स्नायू जवळजवळ उगवत नाही, तिथे वण राहतो.

आता रचना. त्यासाठी प्रयोगशाळा नको, मटणाचा रस्सा पुरे. नीट शिजलेली फोड बोटांनी सोडवली की लांब रेषा सुटतात. ती एकेक रेषा म्हणजे एक जुडी. तिच्यात बारीक तंतूंचा गठ्ठा. एकेक तंतू म्हणजे एकच पेशी, जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबीला कित्येक सेंटीमीटर, आणि तिच्यात केंद्रकं शेकड्यांनी. प्रत्येक तंतूला, प्रत्येक जुडीला आणि अख्ख्या स्नायूला पातळ पांढऱ्या पापुद्र्याचं वेष्टण. हे पापुद्रे टोकाशी एकवटून हाडाला धरणारी दोरी बनतात, तिला कंडरा म्हणतात. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त देऊनही दातांत चिवटपणे अडकतं ते हेच.

कंडरा किती कामाची आहे हे बघायचं तर उजव्या हाताने डावा कोपरापुढचा हात घट्ट धरा आणि डाव्या हाताची बोटं तबल्यावर चालवल्यासारखी चालवा. हालचाल मुठीत कळते. बोटांमध्ये हाडं हलवणारा एकही स्नायू नाही. काही तळहातात आहेत, पण जोराचं काम करणारे वर, कोपराजवळ बसून दोऱ्या ओढतात, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासारखे.

आणि ओढणं एवढंच त्यांना येतं. कुठल्याही स्नायूला ढकलता येत नाही. आपण दार ढकलतो तेव्हा दंडाच्या मागचा स्नायू कोपराचं हाड मागून ओढत असतो, म्हणून हात सरळ होतो. पुढच्या बेडकुळीने त्या वेळी सोडून द्यायला हवं. हे 'सोडणं' दिसायला फुकटचं वाटतं, पण यंत्राची सगळी मेख तिथेच आहे.

तंतूच्या आत आणखी बारीक धागे असतात, मिलिमीटरचा हजारावा भाग जाडीचे. त्यांच्या लांबीवर दोन-सव्वादोन मायक्रॉनचे खण एकापुढे एक मांडलेले. एका सेंटीमीटरमध्ये साडेचार-पाच हजार. प्रत्येक खणात मायोसिनच्या जाड काड्या आणि अ‍ॅक्टिनच्या बारीक काड्या. स्नायू आखडतो तेव्हा या काड्या स्प्रिंगसारख्या आटत असतील असा समज बरीच वर्षं होता. मे १९५४मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगर्के यांचा, बेडकाच्या जिवंत तंतूवरचा. दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायूवरचा. दोन हक्सलींचं आपसात काही नातं नाही. दोघांनीही पाहिलं ते एकच: आखडताना काळा पट्टा तेवढाच राहतो, पांढरा अरुंद होतो. म्हणजे काड्या आटत नाहीत, एकमेकींत सरकतात. मायोसिनला बारीक डोकी असतात. ती अ‍ॅक्टिनला धरतात, वळतात, सोडतात, पुढचं धरतात. विहिरीतून पोहरा ओढताना आपले हात दोरावर जसे चालतात तसंच.

धरायचा हुकूम कॅल्शियम देतं. हे कळलं ते लंडनच्या नळामुळे. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाची हृदयं मिठाच्या पाण्यात ठेवून बघत होते, आणि ती छान चालत. मग ध्यानात आलं की द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केलं गेलंय. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदयं मंदावून थांबू लागली. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३मध्ये रिंगर यांनी आपलाच आधीचा निष्कर्ष छापील दुरुस्त केला. आज तालुक्याच्या दवाखान्यातही खाटेशेजारी 'आरएल'ची बाटली टांगलेली असते. त्यातला 'आर' हेच रिंगर.

धरण्याला कॅल्शियम, तर सोडण्याला एटीपी नावाचं इंधन. एटीपीचा नवा कण येऊन चिकटला तरच मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला सोडतं. घरात कुणी गेलं की जाणती माणसं आधी डोळे मिटवतात, हातपाय सरळ करतात. उशीर झाला तर ते होत नाही. श्वास थांबला की इंधन संपतं, कॅल्शियम झिरपतं, आणि जिथल्या तिथे धरलेली कोट्यवधी डोकी धरलेलीच राहतात. काही तासांत देह ताठतो. पुढे दिवस-दीड दिवसाने तो सैल पडतो, तोही प्रथिनंच मोडू लागतात म्हणून.

जित्या माणसाला याच धरसोडीचा हिशेब गड उतरल्यावर कळतो. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो: धरून ठेवायचं आणि त्याच वेळी लांबत जायचं. त्या ओढाताणीत काही खण उसवतात. दुखणं एक-दोन दिवसांनी कळसाला जातं, आणि आपल्याकडे प्रत्येक जिममध्ये त्याचं खापर लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडतात. ते बिचारं तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. उसवलेलं शिवायला तंतूंच्या कडेला राखीव पेशी बसलेल्या असतात. त्या १९६१मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. प्राणी कुठला, ते सांगायला नको. तालमीतला पोरगा जोर-बैठका मारून दंड कमावतो त्यातही यांचा हात असतो. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहेत तेच जाड होतात.

हे सगळं ठाऊक असूनही गेल्या आठवड्यात रात्री अडीचला पोटरीत गोळा आला तेव्हा मी बिछान्यावर उठून बसलो आणि लहान पोरासारखा ओरडलो. बायको दिवा न लावताच म्हणाली, "अंगठा वर ओढा. टाच दाबू नका, अंगठा ओढा." ओढला. हाताखाली पोटरी दगडासारखी होती, आणि एका कडेला कातडीखाली काहीतरी आपलं आपण थरथरत होतं. मिनिटभराने ते थांबलं. सकाळी दूध आणायला जिना उतरताना त्याच जागी पुन्हा कळ आली, आणि मी कठड्याला धरून एकेक पायरी उतरलो.